स्वतःच्या गाडीने लडाख : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मे महिना जवळ आला की स्वतःची गाडी घेऊन लडाखला निघणाऱ्यांची पत्रं वाढतात. बहुतेकांनी किलोमीटर, हॉटेलं आणि बघायच्या जागा पक्क्या केलेल्या असतात. कुठल्या रात्री किती उंचीवर झोपणार, हे मात्र क्वचितच कोणी लिहितं. लडाखच्या प्रवासात सगळं त्यावरच अवलंबून असतं, म्हणून त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र, त्यातले दोघं गाडी चालवणारे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात १६ दिवसांची सुट्टी आहे. मनालीमार्गे जायचं आणि श्रीनगरमार्गे परतायचं असं ठरवलंय. चौथ्या रात्री मनाली, पाचव्या रात्री सरचू, सहाव्या रात्री लेह, सातव्या रात्री पँगाँग. जमेल ना? (चिंचवड)

उत्तर : गाडीला जमेल, पण तुमच्या शरीराला बहुधा जमणार नाही. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे आणि सरचू ४,२९० मीटरवर. एका दिवसात झोपायची जागा सव्वादोन हजार मीटरनं वर जाते. डॉक्टर आणि गिर्यारोहक पाळतात तो नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेलात की रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरलात तर हरकत नाही. धोका असतो तो वर झोपण्यात.

सरचूत आणखी एक अडचण आहे. तिथं रात्री कोणाची तब्येत बिघडली तर त्याला खाली न्यायचं कुठून? दक्षिणेला ४,८९० मीटरची बारालाचा खिंड आहे आणि उत्तरेला नकीला व ५,०६५ मीटरची लाचुंगला. दोन्ही बाजूंना उतरण्याआधी आणखी चढावं लागतं. आजारी माणसासाठी याहून वाईट जागा या रस्त्यावर शोधून सापडणार नाही.

म्हणून मार्ग उलटा करा. श्रीनगर (१,५८५ मीटर), कारगिल (२,६७६), मग लेह (३,५००) असे चढत गेलात की शरीराला वेळ मिळतो. वाटेत झोजिला ३,५२८ मीटर आणि फोतुला ४,१०८ मीटर आहे, पण त्या ओलांडून तुम्ही खालीच उतरता. परतीला लेहहून मनालीकडे निघाल तेव्हा शरीर रुळलेलं असेल, त्यामुळे सरचूत चहा-जेवण करून त्याच दिवशी जिस्पाला (सुमारे ३,२०० मीटर) उतरा. लेह ते जिस्पा साधारण ३३५ किलोमीटर आहे. पहाटे पाचला निघालात तर उजेडात पोचाल.

आता १६ दिवसांचा हिशोब. पहिल्या दिवशी वडोदरा (सुमारे साडेपाचशे किलोमीटर), दुसऱ्या दिवशी उदयपूर सोडून किशनगढ, तिसऱ्या दिवशी जयपूर, कोटपुतलीवरून नारनौल आणि तिथून १५२-डी महामार्गानं अंबाला. हा २२७ किलोमीटरचा रस्ता दिल्ली पूर्ण टाळतो आणि गर्दीचे निदान तीन तास वाचवतो. चौथ्या रात्री जम्मू, पाचव्या रात्री श्रीनगर. सहावी कारगिल, सातवी आणि आठवी लेह, नववी नुब्रा खोऱ्यात हुंडर, दहावी परत लेह, अकरावी जिस्पा, मग चंदीगड, किशनगढ, वडोदरा आणि पंधराव्या दिवशी घर. हातात एकच दिवस शिल्लक राहतो. तो पँगाँगला वापरू नका. जम्मू ते श्रीनगर रस्त्यावर रामबनजवळ दरड कोसळते, झोजिलावर वाहनं एकेका दिशेनं ठरल्या वेळीच सोडतात, आणि यातलं काहीही तुमचा दिवस खाऊ शकतं. मोकळा दिवस राहिला नाही की माणसं रात्री घाट चढायला लागतात.

पँगाँग हवंच असेल तर सुट्टी २० दिवसांची करा. मग क्रम असा ठेवा : लेह दोन किंवा तीन रात्री, नुब्रा दोन रात्री (हुंडर आणि दिस्कित लेहपेक्षा खाली, ३,१०० मीटरच्या आसपास आहेत), त्यानंतर श्योक नदीच्या रस्त्यानं पँगाँग (सुमारे ४,२५० मीटर) आणि परत लेह. लेहमध्ये उतरल्या उतरल्या दुसऱ्याच दिवशी पँगाँगला झोपायला जाणारे लोक डोकेदुखी घेऊन रात्र तंबूत काढतात आणि सकाळी तलाव न बघताच परततात.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगा सात वर्षांचा. डायमॉक्स घ्यावी का? ऑक्सिजनचे छोटे कॅन किती न्यावेत? (ठाणे)

उत्तर : आईंना निघण्यापूर्वी महिनाभर आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि नुसतं 'लडाखला जातोय' असं सांगू नका. '३,५०० मीटरवर तीन रात्री, दिवसा ५,३०० मीटरची खिंड' असे आकडे सांगा. रक्तदाब गोळीनं आटोक्यात असेल तर वय हा एकटा अडथळा नाही. छातीत दुखणं, अलीकडे झालेली अँजिओप्लास्टी, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा. रक्तदाबाची गोळी मात्र कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. प्रौढांना प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून ते वर पोचल्यावर दोन दिवसांपर्यंत. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध आधीच असतं, त्यात ही भर पडते, तेही विचारून घ्या. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोडा पाणचट लागतो. यानं घाबरू नका. मुलाला ती स्वतःहून देऊ नका. त्याचं वजन बघून डॉक्टरच मात्रा ठरवतील, आणि बऱ्याचदा हळूहळू चढणं हेच औषध पुरेसं असतं. मुलं 'डोकं दुखतंय' असं नीट सांगत नाहीत. चिडचिड, जेवण नको म्हणणं, उलटी, खेळणं सोडून आडवं होणं, ही त्यांची लक्षणं.

कॅनबद्दल स्पष्टच सांगतो. दुकानात मिळणाऱ्या छोट्या कॅनमध्ये साधारण सहा ते दहा लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटर या गतीनं तो तीन ते पाच मिनिटांत संपतो. त्यानं बरं वाटल्याचा भास होतो आणि माणूस खाली उतरायचं टाळतो, हाच त्याचा मोठा तोटा. न्यायचाच असेल तर लेहमध्ये भाड्यानं मिळणारा नळी-मास्कसकट मोठा सिलिंडर घ्या आणि तो कसा उघडायचा हे तिथेच शिकून घ्या.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जरूर न्या, पण वाचायचा कसा तेही लक्षात ठेवा. लेहमध्ये पहिल्या दिवशी ८५ ते ९० आकडा दिसणं नेहमीचं आहे. बोट गार असेल तर तो आणखी कमी दाखवतो. हात चोळून, पाच मिनिटं बसून मग बघा. आकड्यापेक्षा माणसाकडे लक्ष द्या. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात : तिथेच थांबा, आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागणं, खोकला वाढत जाणं, फेसाळ थुंकी ही फुप्फुसात पाणी साचल्याची खूण. बोलणं असंबद्ध होणं, जमिनीवरच्या सरळ रेषेत टाचेला बोटं लावून चालता न येणं ही मेंदूला सूज आल्याची. या दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजन लावा, जिथं सरळ उतार आहे तिथं ५०० ते १,००० मीटर खाली न्या आणि रुग्णालय गाठा. लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक रुग्णालय आहे, तिथल्या डॉक्टरांना हा आजार रोजच्या रोज दिसतो.

लेहमध्ये पहिले ३६ तास काहीच करू नका. मुक्कामाची खोली तळमजल्यावर घ्या, आईंना जिने चढायला लावू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या या काळात अजिबात नकोत, कारण त्यांनी रात्रीचा श्वास आणखी मंदावतो.

प्रश्न : माझी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक सात वर्षं जुनी आहे, ८२,००० किलोमीटर झालेत. मोठी गाडी भाड्यानं घ्यावी का? सर्व्हिसिंगमध्ये काय काय करून घेऊ? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : हीच गाडी न्या. लेहच्या रस्त्यावर अशा गाड्या दर उन्हाळ्यात जातात. तुम्हाला तिची ताकद मात्र ओळखावी लागेल. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनची ताकद दर ३०० मीटरला अंदाजे तीन टक्क्यांनी घटते. ५,००० मीटरवर तुमच्याकडे जेमतेम अर्ध्याहून थोडं जास्त इंजिन उरतं. चार माणसं, टपावर कॅरिअर आणि चालू एसी एवढं सगळं ते ओढणार नाही. कॅरिअर काढा, खिंडीत एसी बंद ठेवा, पाचवा माणूस नको.

या रस्त्यावर सगळ्यात जास्त गाड्या बंद पडतात त्या क्लचमुळे. चढणीच्या वळणावर पिकअप मिळत नाही म्हणून चालक हाफ क्लचवर गाडी रेटतो, प्लेट तापते, जळका वास येतो आणि पुढच्या दोन वळणांत गाडी जागची हलत नाही. उपाय सोपा आहे : वळणाच्या आधीच, गाडी चालत असताना, पहिला गिअर टाका आणि क्लचवरून पाय पूर्ण काढा. इंजिन ओरडलं तर ओरडू द्या. चढणीवर थांबावं लागलं तर हँडब्रेक लावा, क्लचवर गाडी तोलून धरू नका. वास आलाच तर सपाट जागी थांबा आणि अर्धा तास प्लेट गार होऊ द्या. ८२,००० किलोमीटरला तुमचा क्लच वरच्या टोकाला पकडत असेल, तर क्लच सेट निघण्यापूर्वीच बदला. सरचूच्या अलीकडे-पलीकडे तो बदलून देणारं कोणी नाही.

ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-४ ऑइल २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ अंशांनाच. तंगलांगला खिंडीवरून उतरताना सतत ब्रेक दाबत आलात तर ते उकळतं, आत बुडबुडे होतात आणि पाय सरळ खाली जातो. उतार दुसऱ्या गिअरवर उतरा. ब्रेक थोडा जोरात दाबून सोडा, हलका दाबून धरू नका.

कूलंटकडे आपल्याकडे कोणी बघत नाही. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी भरलेलं असतं. सप्टेंबरअखेर सरचू किंवा हानलेत पहाटे पारा शून्याखाली जातो आणि ते पाणी गोठून रेडिएटर किंवा इंजिन ब्लॉकला तडा जातो. सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या. हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपास टिकतं. दुकानात 'रेडी टू यूज' लिहिलेलं कूलंट मिळतं. त्यात पुन्हा पाणी घालू नका.

टायरवरच्या खाचांची खोली ४ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली असेल किंवा टायर पाच वर्षांहून जुना असेल तर नवे टाका. तारीख टायरच्या बाजूला चार आकड्यांत असते : '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनी पूर्ण आकाराची आणि हवा भरलेली हवी. ट्यूबलेस टायरचं पंक्चर बुजवायची दोरी तळव्यातल्या भोकाला चालते, दगडानं कडा फाटली तर त्याला दोरीचा उपयोग नाही. त्या वेळी स्टेपनीच लागते.

हवेबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पुण्या-संभाजीनगरला ३५ अंशांत ३३ पीएसआय हवा भरली तर लेहच्या सकाळी १० अंशांत गेज जवळजवळ तेवढाच आकडा दाखवतं, कारण बाहेरचा दाब कमी झाल्यानं वाढलेला आकडा थंडीनं खाली येतो. दुपारी उन्हात ३६ आणि खिंडीवर ३७ दिसेल. तो बघून हवा काढू नका. खाली उतरलात की टायर बसतील आणि खड्ड्यात रिम वाकेल. रोज सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा, बस्स. सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप आणि स्वतःचं गेज बरोबर ठेवा.

बाकी सामान : फॅन बेल्ट, फ्यूजचा संच, एक लिटर इंजिन ऑइल, एक लिटर कूलंट, टोइंगचा पट्टा, जंपर केबल, नळीचे दोन-तीन क्लिप, एम-सील, कापडी टेप, आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी. रेतीत जॅक खाली रुततो, फळी नसेल तर स्टेपनी असूनही चाक बदलता येत नाही. गाडीची दुसरी किल्ली गाडीत ठेवू नका, दुसऱ्या माणसाच्या खिशात द्या.

प्रश्न : पेट्रोलचा हिशोब कसा करायचा? प्लास्टिकच्या कॅनमध्ये नेलं तर चालेल का? (सातारा)

उत्तर : घरच्या हायवेवर जे ॲव्हरेज मिळतं त्यातून पंचवीस ते तीस टक्के वजा करा. १५ देणारी गाडी तिथं ११ देईल असं धरा. मनाली बाजूनं केलाँगच्या अलीकडे टांडीला पंप आहे आणि तिथली '३६५ किलोमीटरपर्यंत पुढे पंप नाही' ही पाटी प्रसिद्ध आहे. लेहच्या ३५ किलोमीटर आधी कारूला पंप आहे, म्हणजे हिशोब ३३० किलोमीटरचा. ११ च्या दरानं ३० लिटर. ३७ लिटरची टाकी काठोकाठ भरली असेल तर पुरतं, पण दरड पडल्यानं मागे फिरावं लागलं तर पुरत नाही. दहा लिटर जास्त हवंच.

खरी कसोटी लेहच्या पलीकडे लागते. दिस्कितचा पंप सोडला की पँगाँग, चुशूल, हानले, त्सोमोरिरी करून लेहला परतेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर होतात. ११ च्या दरानं ६४ लिटर. ३७ ची टाकी आणि २५ चा कॅन मिळून ६२. म्हणजे छोट्या गाडीनं हा पूर्ण फेरा बरोबरच्या पेट्रोलवर होत नाही. मध्ये कुठे नवा पंप सुरू असेल तर लेहमध्ये चौकशी करून कळेल, पण त्याच्या भरवशावर निघू नका : टँकर आला नाही किंवा वीज गेली तर पंप असून नसल्यासारखा. छोटी गाडी असेल तर पँगाँगहून चांग ला खिंडीमार्गे लेहला या, टाकी भरा आणि त्सोमोरिरीला वेगळे जा. पैसे रोख ठेवा, नेटवर्क नसेल तिथं यूपीआय चालत नाही.

प्लास्टिकचा कॅन नको. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना एकूण ३० लिटरपर्यंत बाळगता येतं, आणि धातूचा डबा असेल तर एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको, झाकण घट्ट हवं. डबा वरपर्यंत भरू नका, दहावा हिस्सा रिकामा ठेवा. उंचीवर बाहेरचा दाब घटतो आणि आतली वाफ डबा फुगवते. उघडताना गाडी बंद, झाकणावर फडकं, आणि अर्धा आटा फिरवून आधी वाफ जाऊ द्या. रिकामाच न्या, टांडीला किंवा लेहला भरा आणि पहिली संधी मिळताच टाकीत ओता. डबा टपावर उन्हात नको आणि माणसं बसतात तिथंही नको. हॅचबॅकच्या डिकीत ठेवावाच लागला तर उभा, पट्ट्यानं आवळून आणि खिडक्या थोड्या उघड्या ठेवून.

प्रश्न : रस्त्यावरून वाहणारे नाले ओलांडायचे कसे? आम्हाला सवय आहे ती पावसाळ्यातल्या पुलावरच्या पाण्याची. (चिपळूण)

उत्तर : तुमच्याकडचं पाणी पावसानं वाढतं, तिथलं उन्हानं. रात्री बर्फ वितळत नाही, म्हणून सकाळी नऊपर्यंत नाला घोट्याएवढा असतो. तोच दुपारी तीनला गुडघ्याच्या वर जातो आणि डोक्याएवढे धोंडे आणतो. जून-जुलैत मनालीकडून जाताना झिंगझिंगबार ते बारालाचा हा टप्पा सकाळी दहाच्या आत ओलांडायचा. लेह-पँगाँग वाटेवरचा नाला तर 'पागल नाला' याच नावानं ओळखला जातो. कारण हेच.

नाल्याशी आलात की थांबा आणि एखादा ट्रक किंवा तिथली टॅक्सी जाऊ द्या. तिचं चाक कुठे बुडतं आणि कुठे उसळी घेतं ते बघा, त्याच रेषेनं जा. पाणी कमी दिसतं तिथं बहुधा मोठे दगड असतात, आणि संथ दिसतं तिथं खोली. माणसं उतरवून गाडी हलकी करा, एसी बंद, पहिला गिअर, एकसारखा रेस. मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, थांबायचं नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवा.

मध्येच इंजिन बंद पडलं आणि पाणी बंपरच्या वर असेल तर चावी पुन्हा फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असलं तर ते दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो आणि साध्या ओढून काढण्याच्या कामाचं इंजिन उघडण्याचं काम होतं. साध्या विम्यात हा खर्च सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. निघण्याआधी पॉलिसीचं ते पान काढून बघा. गाडी गिअरमधून काढा, पट्टा बांधा आणि ओढून घ्या. सैन्याचे किंवा सीमा सडक संघटनेचे जवान मदतीला येतात, त्यांचं ऐका.

प्रश्न : कार्ब्युरेटरची जुनी बुलेट ३५० न्यावी का? (कोल्हापूर)

उत्तर : न्या, पण वर गेल्यावर ती काळा धूर काढेल आणि धापा टाकेल. हवा विरळ होते आणि कार्ब्युरेटर पेट्रोल तेवढंच सोडतो, त्यामुळे प्लगवर काजळी धरते. दोन जादा प्लग आणि प्लगचा पाना ठेवा, एअर फिल्टर स्वच्छ ठेवा, जेटिंगला (कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल सुटतं त्या मापाला) मात्र हात लावू नका, नाहीतर खाली उतरल्यावर इंजिन तापेल. क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल प्रत्येकी एक जादा घ्या आणि जुन्या केबलच्या शेजारीच ओवून, टोकं न जोडता ठेवा. केबल तुटली तर गार हातांनी ती ओवत बसावं लागत नाही. पेट्रोल पाच लिटर जास्त.

प्रश्न : भाऊ न्यू जर्सीहून येतोय, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) आहे. तो उपग्रहावर चालणारं छोटं संदेश-यंत्र आणणार आहे, म्हणजे नेटवर्क नसलं तरी काळजी नाही. परवान्यांचं काय? (डोंबिवली)

उत्तर : ते यंत्र आणू नका, हे त्याला आजच कळवा. भारतात सॅटेलाइट फोन आणि गार्मिन इनरीचसारखी यंत्रं दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. गिर्यारोहणासाठी आणलं होतं हे कारण चालत नाही. विमानतळांवर अशा प्रवाशांना अडवून गुन्हे नोंदवले गेले आहेत, गोव्यातही. अमेरिकेत ते दुकानात सहज मिळतं, म्हणूनच लोक फसतात.

फोनसाठी पोस्टपेड सिम घ्या. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन पोस्टपेड सिम गाडीत असली की बऱ्याच गावांत एकाला तरी रेंज येते. जिस्पा ते उपशी यामध्ये मात्र रेंज नाही असंच धरून चाला. सकाळी निघताना घरी 'आज इथून इथे, रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर उद्या दुपारपर्यंत थांबा' असं सांगून ठेवा. नाहीतर फोन लागला नाही म्हणून घरचे रात्रभर जागतात.

परवान्याच्या बाबतीत ओसीआयधारक परदेशी नागरिक धरला जातो. त्याला नुब्रा, पँगाँग, त्सोमोरिरीसाठी संरक्षित क्षेत्राचा परवाना लागतो आणि तो लेहमधल्या नोंदणीकृत प्रवासी संस्थेमार्फतच निघतो. हानले आणि चुशूलचा सीमेलगतचा पट्टा परदेशी नागरिकांना सहसा मिळत नाही, म्हणून भाऊ बरोबर असेल तर तो भाग आराखड्यातून काढा. तुम्ही भारतीय नागरिक लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर अर्ज भरून पर्यावरण शुल्क भरा. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा बघा. पावतीच्या पाच-सहा प्रती छापून घ्या, तपासणी नाक्यांवर त्या ठेवून घेतात. भाऊ गाडी चालवणार असेल तर त्यानं अमेरिकेतूनच आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून आणावा.

गाडी ज्याच्या नावावर आहे तो बरोबर नसेल तर त्याचं सहीचं संमतिपत्र आणि ओळखपत्राची प्रत ठेवा. सगळी कागदपत्रं कागदावर असू द्या. डिजिलॉकर उघडायला नेटवर्क लागतं.

प्रश्न : मनालीहून सेल्फ-ड्राइव्ह गाडी भाड्यानं घेऊन लेह आणि नुब्रा केलं तर? (पणजी)

उत्तर : लेहपर्यंत पोचाल. पुढे नुब्रा-पँगाँगला बाहेरची भाड्याची गाडी स्थानिक टॅक्सी संघटना जाऊ देत नाहीत, आणि भर रस्त्यात वाद घालून काही मिळत नाही. लेहपासून पुढे तिथलीच टॅक्सी करा. पांढऱ्या पाटीची मित्राकडून पैसे देऊन घेतलेली गाडीही यात पकडली जाते.

प्रश्न : माझी डिझेल गाडी २०१४ ची आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जायचंय. (नागपूर)

उत्तर : दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबद्दल दिल्ली आणि राजधानी क्षेत्रातले नियम न्यायालयात सतत खालीवर होतायत. त्या भागात शिरूच नका. भोपाळ, कोटा, जयपूर, सीकर, चुरू, हनुमानगढ या रस्त्यानं पंजाबात निघा. थोडा लांब पडतो, पण गाडी जप्त होण्याची धास्ती नाही.

ऑक्टोबरात आकाश सगळ्यात स्वच्छ असतं, दरडीही कमी. अडचण फक्त डिझेलची. आपल्याकडचं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होऊ लागतं आणि आधी फिल्टर तुंबतो : सकाळी गाडी सुरू होते, मिनिटभर चालते आणि बंद पडते. टाकीतलं खालच्या मैदानातलं डिझेल लेहला पोचेपर्यंत संपत येईल असा हिशोब ठेवा आणि तिथलं भरा. निघण्यापूर्वी डिझेल फिल्टर नवा टाका, एक जादा बरोबर ठेवा. ग्लो प्लग (डिझेल इंजिन सुरू होण्याआधी आतून तापवणारे) तपासून घ्या. सकाळी चावी अर्धी फिरवा, पिवळा दिवा विझू द्या, पुन्हा एकदा तसंच करा आणि मगच स्टार्टर मारा. गाडी उभी करताना तोंड सकाळचं ऊन येईल त्या बाजूला ठेवा. मनाली-लेह रस्ता त्या दिवसांत एका बर्फवृष्टीनं बंद होऊ शकतो, म्हणून परतीचा मार्ग श्रीनगरचाही डोक्यात असू द्या.

आणि एक. रात्री थंडी वाजली म्हणून इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका, बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि डोकेदुखी, मळमळ ही त्याची लक्षणं विरळ हवेच्या त्रासासारखीच असल्यानं माणूस गोळी घेऊन पुन्हा झोपतो. खोलीत बुखारी (धुराड्याची शेगडी) असेल तर धुराडं बाहेरपर्यंत नीट जोडलेलं आहे ना ते बघा, झोपण्याआधी ती विझवा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी घ्या. गिझर नसला तरी बहुतेक होमस्टेमध्ये स्वयंपाकघरात मागितलं की गरम पाणी मिळतं.